मुकादम अजून दवाखान्यात आहे

आदरणीय वहिनी,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार (कंबर हल्ली जेवढं वाकू देते तेवढाच, उरलेला तुम्ही मनाने पुरा करून घ्या). तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कटकट वाजतो का? दादाच्या ब्लडप्रेशरची चौकशी करत नाही, ते मला त्याच्या शर्टांच्या कॉलरवरून कळतं. या खेपेला कॉलरी बऱ्या होत्या, म्हणजे औषध वेळेवर घेतोय आणि ऑफिसात कमी ओरडतोय. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

एकाच शहरात राहून आणि तुमचा नंबर तोंडपाठ असून हा मनुष्य दादाच्या निळ्या शर्टाच्या घडीत चिठ्ठ्या का खुपसतोय, असं तुम्हाला वाटेल. शर्टात अशासाठी की घडी मोडणं हे काम आमच्या बंधुराजांनी जन्मात केलेलं नाही, तेव्हा हे तुमच्याच हाती पडणार. आणि फोन अशासाठी नाही की फोन हातात घेतला की ही एका बाजूला आणि माझे सासरे दुसऱ्या बाजूला, असे दोघे कान लावून उभे राहतात. त्यांच्यासमोर मला काही बोलता येत नाही. आपल्या दुकानातला माल पोचवणारा रिक्षावाला दुपारी तुमच्याकडे येईल, त्याच्या गठ्ठ्यात हे आहे. त्याला चहा पाजलात तर बरं, तोही हवालदिल झालाय.

तर आमच्याकडे कुत्र्याचं पिल्लू आलंय हे तुम्हाला उडत उडत कळलं असेल. समोरच्या बेकरीवाल्याच्या कुत्रीला पिल्लं झाली आणि तुमच्या धाकट्या जावेने त्यांतलं सगळ्यांत किडमिडीत निवडून, पदराआड नव्हे तर चक्क धुवायच्या चादरींच्या गठ्ठ्यात दडवून दुकानात आणलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. लाँड्रीत लोकांचे कपडे असतात, केस लागतात, दात लागतात, आणि दुसरंही बरंच काही लागतं. 'भीक नको पण कुत्रं आवर' ही म्हण ज्याने केली त्याच्या बायकोनेही असंच न विचारता पिल्लू आणलं असणार. पण आमच्या घरात माझं मत म्हणजे शर्टाचं जादा बटण, आतल्या बाजूला शिवलेलं, कधी लागत नाही. पिल्लू राहिलं. आठवडाभरात ते इस्त्री न झालेल्या कपड्यांच्या ढिगावर चढून बसायला लागलं आणि माझा हात थांबला की भुंकायला लागलं. म्हणून त्याचं नाव मुकादम. इतकी वर्षं मी या टेबलापाशी उभा आहे, पण माझ्याकडून एवढं काम कुणी करून घेतलं नव्हतं.

गेल्या सोमवारी सकाळी तो ढिगावर नव्हता. टेबलाखाली, जिथे वाफेने उकडतं तिथे, पोट जमिनीला लावून पडला होता. मी इस्त्री थांबवली, भुंकला नाही. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून दणकन आपटून ठेवली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. दूध ओकला, मग पाणी ओकला, मग नुसताच फेस. आणि दुपारी जे झालं ते मी लिहीत नाही, तुम्ही जेवायच्या असाल. रक्त होतं एवढंच सांगतो. आणि तो वास. वहिनी, मी लोकांचे सगळ्या प्रकारचे कपडे धुतलेले आहेत, मला वासाचं काही नाही. पण तो वास आला आणि मी इस्त्रीचं बटणच बंद केलं. टॉवेलात गुंडाळून आम्ही त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं, तिघंही, दुकानाचं शटर अर्धवट ओढून.

तिथल्या डॉक्टरबाई तरुण आहेत, तुटक बोलतात. तपासणी केली आणि म्हणाल्या, पार्व्हो. हा विषाणू आतड्यांचं अस्तरच खातो, त्यावर थेट औषध नाही. सलाईन लावायचं, दुसरी इन्फेक्शन होऊ नयेत म्हणून इंजेक्शनं द्यायची, बाकी लढाई त्याची त्याने लढायची. सगळ्या लसी झाल्या होत्या का? एक झाली होती, दुसरीची तारीख पुढच्या आठवड्यात होती. बाईंनी नुसती मान हलवली. मी विचारलं, वाचेल ना? तर म्हणाल्या, "प्रयत्न करू. खात्री देता येत नाही."

वहिनी, हे वाक्य आमच्या दुकानात लाल रंगात भिंतीवर लिहिलेलं आहे. डाग काढण्याचा प्रयत्न केला जाईल, खात्री दिली जाणार नाही. आजवर किती जणांना मी त्या पाटीकडे नुसतं बोट दाखवून गप्प केलंय. आता काउंटरच्या पलीकडे उभं राहिल्यावर कळलं की त्या वाक्यात धरायला काहीही नाही. चूक नाही त्यात, बाई खरंच सांगत होत्या, पण मला राग आला. त्याहून जास्त भीती वाटली.

तिथेच आमच्या माणसांनी शोभा केली ती ऐका. हिला सवय अशी की दुकानातून काहीही बाहेर जायचं तर त्याला टॅग लागतो. पर्समध्ये टॅग कायम असतातच. बाई सलाईनची तयारी करत होत्या तोवर हिने पिल्लाच्या गळ्याला टॅग बांधलासुद्धा: 'मुकादम. अर्जंट.' मग आमच्या सासऱ्यांनी (शाळेत ड्रिल मास्तर होते, कुठल्याही कागदावर शेवटची ओळ आपली असायला लागते) पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं: 'नाजूक. पिळू नये.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरबाईंनी ते वाचलं. हसल्या नाहीत. टॅग सोडवून सलाईनच्या स्टँडला बांधला आणि म्हणाल्या, "नाही पिळणार." आमची ही तिथेच ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली, आणि सासरे भिंतीवरचा जंताच्या औषधाचा तक्ता वाचायला लागले. मला स्वतःला काही झालं नाही. कुणीतरी भानावर राहायला लागतं.

घरी आल्यावर दोष कुणाचा यावर जुंपली, पण उलटी. एरवी आमच्याकडे फुटलेली कपबशीसुद्धा कुणी फोडलेली नसते. पण आता ही म्हणे माझ्यामुळे, मी त्याला गटाराकाठी हुंगू दिलं. सासरे म्हणे माझ्यामुळे, मी सकाळी फिरून आलेले बूट तसेच घरात आणले. दोघांची इतकी रंगली की मीच दोषी कसा हे सांगायला मला जागाच मिळेना. डॉक्टरबाईंना विचारलं तर म्हणाल्या, कुठूनही आलं असेल. हे ऐकून कुणाचंही समाधान झालं नाही.

बाईंनी आणखी एक सांगितलं: हा विषाणू फरशीवर, कापडावर महिनोन्महिने टिकतो, साध्या साबणाला दाद देत नाही, ब्लीच लागतं. आता सांगा, ब्लीच म्हटल्यावर लाँड्रीवाला मागे राहील का? तीन दिवस नुसती वाट बघत बसलेल्या माणसांना शेवटी काहीतरी करायला मिळालं! फरशी झाली, भिंती झाल्या, टेबलाचे पाय झाले, पायपुसणी इतकी पांढरी झाली की आता तिच्यावर पाय ठेवायची हिंमत होत नाही. मी दवाखान्यात गेलो असताना सासऱ्यांनी मोर्चा कपड्यांकडे वळवला. मुकादम शेवटी ज्या गठ्ठ्यावर झोपला होता तो गठ्ठा त्यांनी उचलला आणि ब्लीचच्या हौदात बुडवला. तो गठ्ठा बँडवाल्यांचा होता. गर्द लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. मी परतलो तेव्हा दोरीवर एका ओळीत गुलाबी कोट वाळत होते आणि सासरे शेजारी ताठ उभे होते, पथक सलामीला उभं असल्यासारखे. "जंतू राहिलेला नाही," म्हणाले. रंगही राहिलेला नव्हता.

बँडमास्तर संध्याकाळी कोट न्यायला आला. तुम्ही पाहिलाय त्याला, छाती ढोलाएवढी, आवाज त्याहून मोठा. त्याने दोरीकडे पाहिलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाटीकडे बोट दाखवायचीही सोय नव्हती, कारण डाग नव्हताच, कोट होते. मी खरं ते सगळं सांगितलं, पिल्लापासून. त्याने एका कोटाची झालर चाचपून पाहिली. मग म्हणाला, "वाचेल का?" मी म्हटलं, खात्री नाही म्हणतात. "मग भांडायला नंतर येतो," म्हणाला आणि गुलाबी कोट खांद्यावर टाकून निघून गेला. तेव्हापासून रोज येतो. भांडायला आलोय म्हणतो, पिल्लाची चौकशी करतो आणि चहा घेऊन जातो. भांडण अजून बाकी आहे.

फोनचं तर विचारूच नका. वाजला की आम्ही तिघं एकमेकांकडे बघतो आणि कुणीच उचलत नाही. परवा शेवटी मी धीर करून उचलला आणि नमस्कारसुद्धा न करता विचारलं, "जिवंत आहे ना?" पलीकडून एक बाई घाबरून म्हणाल्या, "अहो, माझे पडदे!" त्यांना काय सांगू? पडदे सुखरूप आहेत म्हटलं. दवाखान्यात मी सकाळ-संध्याकाळ जातो, आणि ज्या गिऱ्हाइकांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या तसाच वागतो: वेळेच्या आधी पोचतो, झालं का विचारतो, नाही म्हटलं तरी तिथेच उभा राहतो. आत सोडत नाहीत, काचेतून दाखवतात. काल मी काचेपाशी हाताने इस्त्री फिरवल्यासारखं केलं आणि मध्येच थांबवलं. शेजारी मांजर घेऊन बसलेल्या गृहस्थांनी जरा सरकून घेतलं. मुकादम भुंकला नाही. पण मान उचलली होती, वहिनी. थोडी, पण उचलली होती.

आज सकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या की उलट्या थांबल्यात, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्यात आणि अंगात काही उरलेलं नाही. आजची रात्र काढली तर आशा आहे. उद्या सकाळी फोन करते म्हणाल्या. ही आणि सासरे अगदीच खचलेत हो, त्यांचं बघवत नाही. माझं काय, मी आपला काम करतोय. जनावर आहे, आज आहे उद्या नाही, हे मला कळतं.

दादाला यातलं काही सांगू नका, तो उगाच हसेल. गुडघा शेकत जा. धाकट्यांना आशीर्वाद असू द्या, सध्या त्यांना लागतील.

तुमचा दीर

ता. क. दादाच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा पिवळा डाग आहे, टोकापासून बुडापर्यंत स्पष्ट. तो माझा. त्याला म्हणावं वर कोट घाल आणि कुणाच्या घरी कोट काढू नकोस. निळ्याला अजून एकही बटण नाही, ती मी चुकून बँडमास्तरच्या कोटांना लावली असावीत.

ता. क. दुसरं. आता खरं काम सांगतो. दवाखान्यात बाईंनी उद्याच्या फोनसाठी नंबर विचारला तेव्हा माझ्या तोंडून तुमचा गेला. चुकून नव्हे. तो फोन आमच्याकडे आला तर आमच्यापैकी कुणी उचलणार नाही, आणि उचलणारा मी तर अजिबात नसेन. वर जे भानावर राहण्याबद्दल लिहिलंय ते तुम्ही विश्वास ठेवायला म्हणून लिहिलेलं नाही. आई गेली तेव्हाही तुम्हीच आम्हाला सांगितलंत. म्हणून उद्या सकाळी फोन जवळ ठेवा, अंघोळीला जायचं तर दादाला पहाऱ्याला बसवा (म्हणजे त्याला सांगावंच लागेल, सांगा). बातमी चांगली असली तर लगेच आम्हाला फोन करा. तुमचा नंबर दिसला की मी उचलेन. वाईट असली तर फोन करू नका. या.

ता. क. शेवटचं. तुम्हाला मी ओळखतो. बातमी चांगली असली तर तुम्हाला राहवणार नाही, फोन ठेवून तशाच लंगडत रिक्षात बसाल. कृपा करून तसं करू नका, कारण आम्ही तिघंही सकाळपासून दारातच असणार आणि तुम्हाला कोपऱ्यावर वळताना पाहिलं की आमचं तिथेच आटोपेल. यायचंच असेल तर कोपऱ्यावरूनच ओरडा. काय वाटेल ते ओरडा, आख्खा रस्ता जमा झाला तरी चालेल. गप्प येऊ नका.