डाव्या पंखाचा रंग

प्रिय दादा,

मोठ्या अक्षरांत आणि शब्दांमध्ये मोकळी जागा सोडून लिहितेय, म्हणजे हे पत्र तुला कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. सावकाश वाच. गॅरेजमध्ये वाचू नकोस, घरी आल्यावर हातपाय धुऊन वाच. व्हॉइस मेसेज मुद्दाम केला नाही. तू तो सगळ्यांसमोर मोठ्यानं लावतोस आणि मध्येच कुणीतरी हॉर्न वाजवतं. फोनवर तू तीनदा विचारलंस की खोकल्याच्या त्या रिपोर्टात नक्की तेवढंच लिहिलंय ना, आणि तिन्ही वेळा मी आईच्या गुडघ्यांचं विचारत बसले. तुझ्या ते लक्षात आलंच असेल. उत्तर याच पत्रात आहे. पण आधी मला एका विमानाबद्दल सांगू दे, नाहीतर मला ते नीट सांगता येणार नाही.

मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते त्या हार्म आजोबांबद्दल तुला सांगितलंय. वय शहात्तर, कॉफीबरोबर मोजून एक बिस्किट देणारे. त्यांनी हिवाळाभर मागच्या अंगणातल्या लाकडी खोलीत बसून एक विमान बनवलं. पत्र्याचं नाही, लाकडाचंही नाही. नवीन टीव्हीच्या खोक्यात जो पांढरा फोम येतो ना, तसल्या फोमचं. पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत माझ्या पसरलेल्या दोन हातांएवढं, आणि वजन आपल्या घरच्या पितळी तांब्यापेक्षा कमी. खाली उभं राहून रिमोटनं उडवायचं. कापणं, चिकटवणं त्यांनी केलं, पण आता हात थरथरतो म्हणून रंगाचं काम अडलं. मी एकदा बोलता बोलता म्हणाले होते की माझा भाऊ गाड्या रंगवतो. ते त्यांच्या लक्षात राहिलं. म्हणाले, मग तुझ्या हातात थोडंफार आलंच असणार. दादा, इथे परदेशात येऊन तीन वर्षं झाली. ऑफिसात माझ्या शिक्षणाबद्दल सगळे विचारतात, पण तुझ्याकडून काही शिकले असेन असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं. मला इतका आनंद झाला की मी लगेच हो म्हणाले.

रंग निवडायला आम्हाला दोन रविवार लागले. शोभेचा प्रश्नच नव्हता. विमान लांब गेलं की ते सुलटं आहे की उलटं हे खालून कळलं पाहिजे, नाहीतर पडतं, आणि आजोबांची नजरही आता कमी झालीय. इथलं आभाळ बहुतेक वेळा भांडी घासून उरलेल्या पाण्यासारखं असतं. आम्ही फोमचे सहा तुकडे रंगवले, काठीला बांधले, आणि मी सायकलवरून कुरणाच्या पार टोकाला जाऊन एकेक तुकडा वर धरला. आजोबा इकडून हात हलवून सांगायचे, दिसतोय की नाही. मला वाटलं होतं पिवळा शेवटपर्यंत दिसेल. तो सगळ्यात आधी हरवला. शेवटी वरच्या बाजूला नारिंगी आणि पोटाखाली गडद निळा ठरला. तू असतास तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस. उन्हात दाराजवळ उभं राहून जुन्या गाडीचा रंग नुसत्या नजरेनं जुळवणारा तुझ्यासारखा माणूस कुपवाडमध्ये दुसरा नाही.

आजोबांनी एकच अट घातली होती, की पाण्यातलाच रंग वापरायचा. मी तसाच लावला, फोमच्या पट्टीनं, पातळ. पण डाव्या पंखावर पट्टीचे ओरखडे राहिले. मला तुझा आवाज ऐकू आला, 'मॅडम, गाडी रंगवलीय का संडासाचं दार?' मग मी दुकानातून त्याच नारिंगीचा स्प्रेचा डबा आणला. आजोबांना विचारलं नाही. तपासून मात्र पाहिलं, तू मला ओळखतोसच. रंगवलेल्या जुन्या तुकड्यावर आधी मारला, अर्धा तास थांबले, काही झालं नाही. मग तू शिकवलंस तसा लांबून मारला, पहिला हात नुसता धुरळा, दुसरा जरा ओला. इतका सुंदर बसला की मी फोटो काढून तुला पाठवणार होते. पण माझ्या हे लक्षातच आलं नाही की तुकड्यावर पाण्याच्या रंगाचे तीन थर होते, आणि पंखाच्या टोकाशी मी पॉलिश पेपर घासला होता, तिथे जेमतेम एक उरला होता. त्या डब्यातल्या थिनरनं फोम खाल्ला. वरून काही दिसत नव्हतं. रंगाचा पापुद्रा तसाच चकचकीत होता. बोट लावलं तेव्हा कळलं की आत काहीच नाही, तळहाताएवढी पोकळी.

हे मंगळवारी झालं. उडवायचं रविवारी होतं, मोसमातला पहिला दिवस. दादा, मी साधा भाजीवाल्यानं जास्त दिलेला टोमॅटो परत नेऊन देणारी मुलगी, तुम्ही सगळे हसायचात. पण मी सांगितलं नाही. पापुद्रा कापून आत हलकी पुट्टी भरली, घासली, पुन्हा रंग दिला. चार दिवस त्यांच्याबरोबर कॉफी प्यायले. ते रोज पंखावरून नजर फिरवून म्हणायचे, तुझ्या भावाला सांग, बहीण चांगली तयार केलीस.

रविवारी मैदानावर उडवण्याआधी विमानाचा तोल बघायचा असतो. एकानं नाकाला बोट लावायचं, एकानं शेपटीला, आणि अलगद उचलायचं. नाकाला ते, शेपटीला मी. पुट्टी म्हटली हलकी, तरी फोमपुढे जडच. डावा पंख हळूहळू खाली गेला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग टोकावर अंगठा दाबला, तर तडा जाऊन अंगठा आत, पुट्टी आतून अजून ओलीच होती. मग मी मंगळवारपासूनचं सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, रंग फार सुंदर दिलायस, पण हे मी उडवणार नाही. आणि मग, 'मंगळवारी सांगितलं असतंस तर बुधवारी मी नवा पंख कापला असता.' एवढंच. विमान गाडीत ठेवलं आणि इतरांची विमानं बघत दिवसभर खुर्चीत बसले. मी शेजारी उभी होते. काल संध्याकाळी त्यांनी नवा पंख कापून माझ्या दारापाशी ठेवलाय, पांढराफटक. म्हणजे रंग मीच द्यायचा. अजून हात लावलेला नाही. आधी हे पत्र.

तुला अप्पांच्या मिलचं ते पत्र आठवतं? मी पाचवीत होते. घरात आलेला प्रत्येक कागद मी वाचायचा, लाइटचं बिल, रेशनचा कागद, औषधाची बाटली. तू शाळेत होतास तरी आपल्या घरात माझ्याआधी कुणाला सलग वाचताच येत नव्हतं. ते पत्रही मी बाईंसमोर धडा वाचावा तसं उभी राहून, खणखणीत आवाजात वाचलं, 'आपणांस कामावरून कमी करण्यात येत आहे.' अप्पा उठून नळापाशी जाऊन बसले ते अंधार पडेपर्यंत. तू मला चिमटा काढलास आणि म्हणालास, 'पोपट कुठला, जरा बेतानं वाचायचं ना!' त्याच महिन्यात तू शाळा सोडून गॅरेजला गेलास आणि मी सहावीत गेले. तेव्हापासून मी घरातला प्रत्येक कागद बेतानं वाचत आलेय. आईची साखर मी नेहमी थोडी कमी वाचली, आणि माझं शिष्यवृत्तीचं पहिलं नकारपत्र तर वाचूनच दाखवलं नाही.

तुझा रिपोर्टही मी तसाच वाचला, दादा. तू फोटो पाठवून लिहिलं होतंस, 'इंग्रजी तुझं खातं.' तो मी त्याच दिवशी इथल्या मृदुलाताईंना दाखवला. त्या लग्नाआधी मिरजेला छातीच्या डॉक्टर होत्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, हे तूच सांग आणि आजच सांग. त्यानंतर मी तुला फोन केला आणि म्हणाले, धुळीची अ‍ॅलर्जी आहे, वाफारा घे. याला आज बावीस दिवस झाले. या बावीस दिवसांत तू किती गाड्यांना रंग मारलास ते मला माहीत नाही, विचारायची हिंमत झाली नाही. आता जे लिहिलंय ते जसंच्या तसं वाचते. तुला दमा झालाय. तो धुळीनं नाही, कडक वाळावा म्हणून हार्डनर मिसळून मारतोस त्या रंगानं झालाय. रुमाल बांधून भागणार नाही, मास्कनंही भागणार नाही, कारण आता थोडासा वासही छातीला पुरेसा होतो. स्प्रेचं काम पूर्ण थांबवायचं, दुसरा कुणी मारत असेल तरी तिथे उभं राहायचं नाही. थांबवलं नाही तर फुप्फुसं आणखी खराब होतील, आणि जेवढं लवकर थांबवशील तेवढी सुधारायची आशा जास्त. रिपोर्टाखाली 'तातडीने' असा शब्द आहे आणि त्याखाली रेघ ओढलीय. ती मी तुला सांगितली नव्हती. मला भीती वाटली की तूही उठून नळापाशी जाऊन बसशील, आणि या वेळी माझ्या शिक्षणापायी तुझं जे गेलं ते परत द्यायला माझ्याकडे काहीच नसेल. पोस्टानं पाठवलं तर आणखी दोन आठवडे जातील, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवतेय. पुढे काय करायचं ते आपण मिळून ठरवू, पण उद्या सकाळी स्प्रेची गन हातात घेऊ नकोस. वाचून झालं की फोन कर. शिव्या द्यायच्या असतील तर दे. मृदुलाताईंनी मिरजेतल्या त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांचा नंबर दिलाय, तोही पाठवतेय. ते डॉक्टर जे लिहून देतील त्या कागदाचाही फोटो पाठव. मी तो वाचीन, जसा आहे तसा.

तुझीच,
संपी