बहुतेक हाच

प्रिय चिमणे,

ताईच्या हाताचे टाके काल निघाले आणि घरी येताच तिने मला चहात साखर कमी म्हणून सुनावलं. म्हणजे तुझी आई सुधारतेय, काळजी करू नकोस.

आजवर तुला न सांगितलेलं एक सांगते. तू पाळण्यात होतीस तेव्हाची गोष्ट. भरदुपारी माझ्या शिवणाच्या दुकानात एक माणूस शिरला आणि चाकू रोखून बोटातली अंगठी घेऊन गेला. त्या पात्यावरचा गंज मी आजही हुबेहूब सांगेन. चेहऱ्याकडे बघायचा धीरच झाला नव्हता. पंधरा दिवसांनी फौजदारांनी सहा फोटो मांडले. "आहे ह्यातच, नीट बघा." एक चेहरा ओळखीचा वाटला. "बहुतेक हाच," मी म्हणाले. "शाब्बास! आम्हालाही तोच वाटत होता." झालं, माझं 'बहुतेक' तिथेच गळून पडलं. पुढे दर वेळी आठवताना चाकूमागे तोच चेहरा दिसायचा. कोर्टात मी छातीठोकपणे बोट दाखवलं. तो घरं रंगवणारा रंगारी होता. त्याला शिक्षा झाली.

चार महिन्यांनी कपाट आवरताना कुणी न नेलेली एक पँट निघाली. चिठ्ठीवर माझंच अक्षर: 'रंगारी, उंची दोन बोटं कमी'. तारीख चोरीच्या तीन दिवस आधीची. चेहरा ओळखीचा होता खरा, पण गिऱ्हाईक म्हणून! तडक त्याच्या वकिलाकडे गेले, कोर्टात उभं राहून चूक कबूल केली. लोक वाट्टेल ते बोलले. पण तो सुटला. पँट न्यायला आला तेव्हा माझी मान वर होईना. "आता कमरेत घ्यावी लागेल," एवढंच म्हणाला. मी रडत रडत माप घेतलं. अजूनही तो कपडे माझ्याकडेच टाकतो.

हे आज लिहिलं, कारण सोमवारी तुला ओळख परेडला जायचंय. फोनवर म्हणालीस, "मावशी, कुणालाच ओळखलं नाही तर आईशी बेइमानी होईल गं." अजिबात नाही. चुकीचा धरला, तर ताईवर वार करणारा मोकळाच राहील. तू त्याला उजेडात, समोरून, चांगला बराच वेळ पाहिलंयस. असला तर पटकन ओळखशील. मग किती खात्री वाटते ते त्याच क्षणी तुझ्या शब्दांत लिहून घ्यायला लाव. कुणाच्या शाबासकीची वाट बघू नकोस. आणि नसलाच, तर "ह्यांच्यात नाही" असं म्हण आणि ताठ मानेने बाहेर ये. बाहेर बाकावर ताई आणि मी बसलेल्या असू.

तुझीच,
मावशी