खिशातला फ्यूज

आप्पा, परवा वरच्या मजल्यावरच्या पेटीतला एमसीबी, म्हणजे ब्रेकर, मी स्वतः बदलला. वर कोचिंगच्या मुली राहतात. नांदेडात आपल्या गल्लीत आता घरं उरली नाहीत, सगळी होस्टेलं झाली. मुली बादलीत रॉड टाकतात, चोरून शेगडी लावतात, आणि मग ब्रेकर पडला की धावत जाऊन वर करतात. असं करून करून तो जळाला. वायरमन म्हणाला, ताई, बत्तीस अँपिअरचा टाकून देतो, पुन्हा पडणारच नाही. भिंतीतली वायर सोळाची आहे. ब्रेकर पडला नाही तर वायर पेटेल, एवढं मला तुमच्यामुळं कळत होतं. त्याला मी परत पाठवलं.

तुम्ही कुठल्याही बोर्डाला हात लावायच्या आधी मेनचा चिनी मातीचा फ्यूज उपसून खिशात घालायचात. तो खिशात असेतोवर कुणी काहीही दाबलं तरी वीज येणार नाही. एकदा स्वयंपाकघरात तुम्ही स्टुलावर चढलेले असताना मामा आला. "दाजी, फ्यूज हाय का बायकोचं मंगळसूत्र? लई जपून राहिलात," म्हणत त्यानं खालून तुमच्या पायजम्याच्या खिशात हात घातला. तुम्ही उतरलात आणि हातातली पक्कड त्याच्या तोंडावर मारलीत. त्याचा दात पडला. रक्त आईच्या पिठाच्या परातीत उडालं. आईनं परात उचलून बाजूला ठेवली. मामा भिंतीशी खाली बसला, तुम्ही त्याच्या छातीवर पाय ठेवलात. "माझा जीव हाय ह्या खिशात. पुन्हा हात घातलास तर मनगट तोडीन." मी दाराआड उभी होते आणि मला तुमचाच राग आला होता. पुढं तोच मामा तुमच्या हाताखाली कामाला लागला.

भूकंपानंतर तुम्ही दोघं किल्लारीकडं गेलात, पत्र्याच्या शेडमध्ये वीज ओढायला. मध्ये एकदा घरी आलात तेव्हा ताटावर बसलात आणि न जेवता उठलात. हाताला ढिगाऱ्याखालच्या मढ्यांचा वास येतो म्हणालात. उन्हाळ्यात तिकडं नव्या धर्तीची पेटी आली. तिच्यात फ्यूज नव्हता, नुसती दांडी. उपसायला काही नाही, खिशात घालायला काही नाही. तुम्ही दांडी खाली केलीत, शेडच्या दुसऱ्या टोकाला गेलात आणि उघडी तार हातात घेतलीत. इकडं मामानं दांडी वर केली. तुमचा देह घरी आणल्यावर आईनं तुमची मूठ उघडली. तळव्यात मधोमध काळं भोक होतं, मांस हाडापर्यंत शिजलं होतं. मामा दारातूनच म्हणाला, "शेडातल्या म्हातारीचा पंखा बंद होता म्हणून वर केली. मला काय ठाव." मी पितळी तांब्या उचलून त्याच्या डोक्यात घातला. लोकांनी धरलं नसतं तर मी थांबले नसते. त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललेले नाही.

परवा मी जिन्याखालचा मेन बंद केला. मीटरकडून येणाऱ्या टोकाला टेस्टर लावला, पेटला. तिथं वीज राहतेच. म्हणजे टेस्टर बरोबर होता. वर येऊन पेटीत लावला, पेटला नाही. मेनला हात लावू नका, असं घरात होत्या त्या मुलींना सांगून ठेवलं होतं. पहिला स्क्रू सैल करतेय तोच पेटीतून जाळाचा लोळ आला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक वितळलं, माझी भुवई जळाली. त्याची प्लास्टिकची मूठ जाड होती म्हणून हात वाचला. मी जिना कशी उतरले ते आठवत नाही. हिमायतनगरची एक मुलगी, नुकतीच क्लासहून आलेली, दांडीवर हात ठेवून उभी होती. मी तिच्या कानाखाली मारली, परत मारली. तिच्या नाकातून रक्त आलं. ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "काकू, पंखा बंद होता म्हणून वर केली. मला काय माहीत."

मी पुन्हा हात उचलला होता. तो तिथंच राहिला.

तिचं नाक मी धुतलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. मग बाजारात गेले. दांडी खालीच अडकवून ठेवणारी क्लिप मिळते, तिला छोटं कुलूप लागतं. दुकानदारानं एका चिमटीत धरून दाखवली. एवढीशी वस्तू, आप्पा. मी मेनला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली, टेस्टर दोन्हीकडं पुन्हा लावून बघितला आणि मग सोळाचाच ब्रेकर बसवला. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहिली.

मामाला मी माफ केलं, एवढंच तुम्हाला लिहायला बसले होते. ते काही लिहून होत नाही, आणि हे पाठवायचंही कुठं नाही. तो लातूरला पोरीकडं अंथरुणावर आहे, अधूनमधून फोन करतो, मी उचलत नाही. काल उचलला. लहानपणी मला हाक मारायचा तसा तो "बाय, बाय" म्हणत राहिला. मी बोलले नाही. पण ठेवलाही नाही.