खोली तुमच्यामुळे गेली नव्हती

आबा,

मरेपर्यंत तुम्ही एक गोष्ट उराशी धरून होतात. सोलापुरातली ती खोली आपल्यामुळे गेली आणि पोराचं मॅट्रिक आपल्यामुळे राहिलं. तसं नाही, असं मी किती वेळा सांगितलं, पण तुम्ही मान हलवायचात आणि मेंढरांचं नाहीतर पावसाचं बोलणं काढायचात. गेल्या आठवड्यात मला त्या खोलीबद्दल काही कळलं. जे कळलं ते सांगावं असं जगात एकच माणूस होतं, आणि ते तर मातीत गेलं. म्हणून हे लिहायला बसलोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे मला. कुणाकडून तरी वाचून घ्यायचं म्हटलं, तर तुम्हाला वाचून दाखवणारा मीच होतो.

त्या सालात मी सोलापुरात कसा राहत होतो हे तुम्हाला मी पुरतं कधी सांगितलं नाही. मी एका तेलुगू विणकराच्या घरी होतो. सकाळी शाळेपूर्वी त्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, संध्याकाळी आल्यावर पुन्हा कांड्या, आणि त्याच्या बदल्यात दोन वेळची भाकरी न् मागांच्या मधल्या बोळकांडीत पथारी. माणसं चांगली होती. पण त्या घरात बोटं चालत नसतील तेव्हा दिवा जळायचा नाही, आणि बोटं चालत असताना वाचायचं कसं? डोक्यावर कापसाची पांढरी लव घेऊन मी वर्गात शिरलो की पोरं म्हणायची, आजोबा आले, उठा, जागा द्या. शहरात जातीजातीची बोर्डिंगं होती, आपल्या जातीचं नव्हतं. काही मुलं वार लावून जेवायची, आज या घरी, उद्या त्या घरी. पण धनगराच्या पोराला वार कोण देणार? मॅट्रिकच्या वर्षाला माझे मास्तर म्हणाले, असं चालायचं नाही, दार लावून घेता येईल अशी एखादी खोली बघ, नाहीतर गणितात नापास होशील. मग मी खोली बघायला लागलो.

खोली बघणं म्हणजे काय असतं हे रानात राहणाऱ्या माणसाला सांगून पटायचं नाही. खोल्या होत्या, कुलपं लावून पडलेल्या होत्या. पण ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, बिऱ्हाड आहे का? बिऱ्हाड नाही, मी एकटाच, शाळेत शिकतो, असं म्हटलं की लोक माझ्याकडे मी काहीतरी चोरून आणल्यासारखं बघायचे. कुणी गाव विचारायचं, कुणी आडनाव, आणि आडनाव ऐकून झालं की त्यांच्याकडे अचानक पाहुणे यायचे असायचे. शेवटी गिरणीमागच्या एका बोळात एक घर सापडलं. मधे अंगण, अंगणात नळ, भोवती तीन बिऱ्हाडं, आणि कोपऱ्यात एक खोली. आधी तिच्यात पेंडीची पोती ठेवत असत. खिडकी मात्र चांगली होती, संध्याकाळचं ऊन थेट आत यायचं. मालक ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं तसं मी सगळं खरं सांगितलं, वडील मेंढरं राखतात हेसुद्धा. ते म्हणाले, “असू दे की. मेंढरं काय वाईट आहेत का? पण एकट्या पोराला मी खोली देत नाही. वडिलांना घेऊन ये, मग बघू.” मी अंगणातून बाहेर पडलो तो पळतच सुटलो. आबा, तेवढं सुख मला पुन्हा कधी झालं नाही, माझ्या लग्नातही नाही.

तुमचा तळ तेव्हा मोडनिंबच्या रानात पडला होता. बाजाराला आलेल्या एका माणसाजवळ मी निरोप दिला, आणि पुढच्या मंगळवारी तुम्ही विणकराच्या दारात उभे. मानेभोवती काळं कोकरू, पाय फुफाट्यानं गुडघ्यापर्यंत पांढरे. मोटारवाल्यानं कोकरू घ्यायला नकार दिला म्हणून तुम्ही अख्खी वाट चालत आला होता. हे कशाला, असं विचारल्यावर तुम्हालाच माझं नवल वाटलं. ज्याच्या रानात जास्त दिवस बसायचं त्याच्या दारात एक कोकरू पाळायला सोडायचं, ही आपल्या घराण्याची रीत. ते वाढतं तशी ओळख वाढते. मालकाच्या घरात आपण वर्षभर बसणार, मग मोकळ्या हातानं कसं जायचं? मलाही ते बरोबर वाटलं. मी तरी तुमचाच होतो ना. सोलापुरात राहून इंग्रजी शिकलो होतो, पण सोलापूर शिकलो नव्हतो.

आधी आपण जुन्या बाजारात गेलो, कारण खोली मिळाली की दिवा लागणार, पुस्तकांना पेटी लागणार. अजून तुम्ही मला तिथं दिसता. कोकरू मानेवर, आणि तुम्ही एकेक वस्तू हातात घेऊन फिरवून बघताय. पत्र्याची ट्रंक उघडून तुम्ही आत नाक घालून वास घेता. काचेला चीर गेलेला कंदील निवडता आणि बाजारवाल्याशी त्या चिरेवरून इतका वेळ घासाघीस करता की तो हात जोडतो. मग एक काळा कोट. शाळेत कोट लागायचा आणि माझ्याजवळ नव्हता. तुम्ही त्याचं अस्तर उलटं करून लोकरीत बोटं घातलीत आणि म्हणालात, “मेलेल्याचा हाय. पर उबदार हाय, घे.” मी तो तिथंच अंगात घातला. बाह्या बोटांवर येत होत्या. तुम्ही मागं सरून मला बघितलंत आणि हसलात. तुम्ही हसलात की तुमचे डोळे नाहीसे व्हायचे. वाटेत तुम्ही म्हणालात, “आपुन कुनाच्या रानात बसलो तर शेतकरी आपल्याला जुंधळा देतो. आन् हितं बसायचं, वर आपुनच भाडं भरायचं? लई हुशार लोक हायती की तुज्या गावात.” आपण दोघंही हसत होतो. ट्रंक माझ्या डोक्यावर, कंदील तुमच्या हातात, असे आपण त्या बोळात शिरलो.

पुढचं मी रोज बघतो. अंगणात नळावर बायका आहेत. कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराला नवं कोरं कुलूप लावलेलं आहे आणि ते बघून माझ्या मनात लाडू फुटतात, कारण मला वाटतं ते आपल्यासाठीच आणलंय, आता किल्ली हातात पडणार. तुम्ही वहाणा बाहेर काढता, ओट्याच्या पायरीशी वाकता आणि कोकरू अलगद मालकांच्या पुढ्यात सोडता. ते तिथंच मुततं. आतून मालकीणबाई कानडीत “ब्याडा, ब्याडा”, नको नको, म्हणत येतात आणि पदर नाकाला लावतात. मालक उठून उभे राहतात. ते आवाज चढवत नाहीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सावकाश बोलतात. “हे घर आहे, खाटकाचं दुकान नाही. उचला ते आणि निघा.” आमच्या घरात मांस-मच्छी चालत नाही, आज जनावर आणलं तर उद्या सुरी आणाल, असंही काहीबाही ते म्हणाले. तुम्ही तोंड उघडलंत. नुसतं “जी... जी...” एवढंच आलं. रानात वाघरू आलं तर हाकाटी करून चार कोस उठवणारे तुम्ही, आबा, त्या पायरीशी तुम्हाला शब्द सापडेना. मी ट्रंक डोक्यावर घेऊन उभा होतो, उतरवावी की नाही तेच मला कळत नव्हतं.

परत येताना विणकराची पोरं कोकरू मागायला लागली. तुम्ही दिलं नाहीत. घोंगडीत गुंडाळून पुन्हा मानेवर घेतलंत, आणि मी पुष्कळ म्हणूनसुद्धा रात्रीचं थांबला नाहीत. गावाबाहेरच्या नाक्यापर्यंत मी तुमच्याबरोबर आलो. तिथं तुम्ही म्हणालात, “माज्यामुळं झालं बग.” मी म्हणालो, तसं नाही आबा. तुम्ही कोटाच्या बाह्या माझ्या मनगटापर्यंत दुमडून दिल्यात आणि गेलात.

त्यानंतर दुसरी खोली मिळाली नाही. दिवाळीनंतर विणकरानं मागाचा पसारा वाढवला, त्यात माझी पथारीची जागा गेली. ट्रंक एका मित्राकडे, कंदील दुसऱ्याकडे आणि मी शाळेच्या व्हरांड्यात, असे काही महिने गेले. पुस्तक हाताशी असेल तेव्हा उजेड नसायचा, उजेड असेल तेव्हा पुस्तक गावाच्या दुसऱ्या टोकाला. मग हिवतापानं धरलं, परीक्षा राहिली. एक वर्षापुरता म्हणून मी गिरणीत लागलो. आबा, ते एक वर्ष अजून संपलेलं नाही.

तुमचं काय झालं ते मात्र माझ्यापेक्षा वाईट. तुम्ही पुन्हा कधी सोलापुरात शिरला नाहीत. भेटायला आलात तर नाक्याजवळच्या लिंबाखाली बसून आत निरोप धाडायचात. माझ्या सोयरिकीच्या वेळी मुलीच्या घरी सगळे जाऊन बसले तरी तुम्ही बाहेर गाडीपाशीच, आपल्यानं काही चुकेल म्हणून. पाण्याचा तांब्या तुम्हाला तिथं नेऊन दिला. आणि ज्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या दारात कोकरं सोडली, त्यानं पुढं कुणाला काही म्हणून दिलं नाही. चुलते म्हणायचे, म्हातारा चिक्कू झाला. तुम्ही चिक्कू झाला नव्हता, भ्याला होतात. माझ्यासाठी सोलापुरात आलेला बाप मी सोलापुरातच गमावला, असं मला तेव्हाही वाटायचं. शेवटच्या दुखण्यात मी गावी, माळशिरसला आलो तेव्हा तुम्हाला माणसं ओळखू येत नव्हती. पण मी उशाशी बसलो तसे तुम्ही स्वच्छ बोललात. “त्या मालकाला सांगाय पायजे हुतं रं. कापाय न्हवतं आनलं. पाळाय आनलं हुतं.”

तर गेल्या आठवड्यातली गोष्ट. गुडघ्याच्या दुखण्यासाठी मी दवाखान्यात बाकावर बसलो होतो. शेजारी एक म्हातारी तेलुगू बाई होती. आपला नंबर येईपर्यंत माणूस गावगप्पा करतो, तशा आमच्या चालल्या. ती पूर्वी कुठं राहायची ते निघालं. गिरणीमागचा तोच बोळ, तेच अंगण. ती तेव्हा नव्यानं लग्न होऊन त्या घरात बिऱ्हाडाला आली होती आणि त्या संध्याकाळी नळावर पाणी भरत होती. मी सहज म्हणावं तसं म्हणालो, तिथं एकदा कुणी कोकरू घेऊन आलं होतं म्हणे. ती हसली. तिला सगळं आठवत होतं. म्हणाली, “तो बिचारा धनगर व्हय? अहो, ती खोली तर आदल्या दिवशीच दिली होती. कारकून होता कचेरीतला, त्याचं सामान आत पडलं होतं, कुलूप त्यानंच आणलेलं. मालक आमाला सांगत होते, पोराला तोंडावर नाही कशाला म्हणा, बापाला आण म्हणलंय, तो काय रान सोडून येतोय. आन् आला की हो तो. तो गेल्यावर मालक नळापाशी येऊन म्हणाले, कोकराचं आयतं निमित्त आलं.” मग तिचा नंबर लागला आणि ती काठी टेकत आत गेली. मी माझा नंबर घेतलाच नाही, उठून घरी आलो.

तुमची वाट बघत नव्हते ते, आबा. तुम्ही येणार नाही असं धरून त्यांनी तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही रिकाम्या हातानं गेला असता, नाहीतर दूध घेऊन गेला असता, फुलं घेऊन गेला असता, तरी ते कुलूप निघायचं नव्हतं. तुम्ही काही बिघडवलं नव्हतं. बिघडण्यासारखं तिथं काही नव्हतंच. त्या कोकरावरून तुम्ही उरलेला जन्म मान खाली घालून काढलात, आणि ओट्यावरचा तो माणूस त्याच दिवशी जेवून झोपला असेल आणि सकाळी विसरला असेल. मला त्याचा राग यावा असं मला वाटतं. राग येतोही, पण टिकत नाही.

हे कुठं पाठवायचं? तुम्ही जिवंत होतात तेव्हाही तुम्हाला पत्ता नव्हता, आज हे रान तर उद्या ते. चुलीत घालेन बहुधा. सांगायचं ते सांगून झालं, पण एक राहिलं. मला वाटलं होतं, तुमची सुटका करायला मी हे लिहितोय. तसं नाही. इतकी वर्षं मी रोज ते अंगण बघत होतो आणि रोज मनातल्या मनात तुम्हाला दारातच थांबवून कोकरू माझ्याकडे घेत होतो. मग खोली मिळायची, दिवा लागायचा, मी पास व्हायचो. चूक तुमची होती तोवर, आबा, निदान ती मनातली खोली तरी माझ्याकडे होती.