गांधीलमाशीचा निकाल

क्लेम,

आपल्या गव्हाच्या शेतातल्या ऑर्किडला शास्त्रीय नाव मिळालं! पर्थहून आलेले वनस्पतितज्ज्ञ म्हणत होते, "बाई, ही जुनीच जात." अशा ऑर्किडची प्रत्येक जात एकाच जातीच्या गांधीलमाशीला भुलवते, म्हणून मी त्या जुन्या जातीचं फूल आणि आपलं, दोन्ही कुंपणाच्या खांबावर शेजारी ठेवली. गांधीलमाशीचे नर मादी समजून झोंबले, ते फक्त आपल्याच फुलाला. साहेबांनी तिथेच वहीत 'नवी जात' लिहिलं!

"नाव तुमचंच देऊ ना?" त्यांनी विचारलं. मी तुझं सांगितलं. "बोटभर फुलासाठी गहू सोडू?" म्हणून भांडायचास, पण दरवर्षी ट्रॅक्टर त्या कोपऱ्याला वळसा घालूनच न्यायचास. मी खिडकीतून बघायचे.

हे पत्र टाकणार नाही. छापलेलं नाव वाचलंस की नऊ वर्षांचा अबोला तूच मोडशील, शिव्या द्यायला का होईना.

तुझ्याइतकीच हट्टी बहीण,
मर्ल