गाडी किती उंच करायची

बाबा, आज पुन्हा अंगणात पाणी भरलंय आणि मला तुझ्याशीच भांडायचंय. दुसऱ्या कुणाशी भांडून उपयोग नाही, समोरचं शेत गोडाऊनला तूच दिलंस. त्यांनी भराव टाकला, मग शेजाऱ्याने टाकला, मग रस्ता वर आला, आणि वळ गावातलं आपलं घर बशीत ठेवल्यासारखं खाली राहिलं. रस्ता वर आला त्या पावसाळ्यात माझी पिकअप अंगणातच अडकली. शेलार गावातल्या लूमवरून कापडाच्या गाठी उचलायच्या होत्या, शेटचे फोनवर फोन येत होते, आणि आपण दोघं ओट्यावर बसून पाण्याकडे बघतोय. तू विडी ओढत म्हणालास, "उतरंल." तुझं हे उतरंल ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

गाडी उंच करून घ्यायला मी टेमघरच्या मिस्त्रीकडे निघालो, तर तू हट्टाने बरोबर आलास. टायर थोडे मोठे घेतले तर आहे त्या गाडीत बसतील, तो म्हणाला, पण पाणी इंजिनात जायचं ते जाणारच. एकदम मोठे घ्यायचे तर मडगार्डला घासतील, म्हणून खाली स्प्रिंगचे जादा पाटे घालून अख्खी गाडी उचलावी लागेल. "उठा तो दूँगा, लेकिन मोड़ पे झूलेगी," त्याने बजावलं. मी भिंतीला टेकवलेल्या मोठ्या टायरांवरून हात फिरवत होतो. तू गाडीच्या हौद्याला हात लावून उभा होतास. "गारी उचललीस तं आपला ओटा खाली ऱ्हाईल. गाठी कश्या चरवशील? आन तुजी आय कशी चरंल?" गोडाऊन बंद असलं की गाठी आपल्याच पडवीत उतरायच्या, आणि तो ओटा तू हौद्याच्या मापानेच बांधला होतास; आईसुद्धा त्यावरूनच गाडीत चढायची. मी वैतागून म्हणालो, "मग काय घर उचलू?" मिस्त्री हसला. तू हसला नाहीस.

मी मोठेच टायर घेतले. मला गाठींचं काही पडलं नव्हतं, बाबा. कितीही पाणी असलं तरी निघून जाता येईल अशी गाडी मला हवी होती. आणि ती तशी झालीही. पाणी कापत रस्त्यावर चढली तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. कल्याणला एक खोलीसुद्धा बघून आलो. परत आलो तर तू गुडघाभर पाण्यात उभा राहून ओट्यावर विटांचे थर चढवत होतास. "आता बसंल तुजी गारी," एवढंच बोललास. ओटा हौद्याला बरोबर लागला, आई त्यावरून नीट गाडीत बसली. फक्त घराचा उंबरठा ओट्याच्या खाली गेला, हे तुझ्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. पुढच्या पावसात ओट्यावरचं सगळं पाणी आत वळलं. आई ताटलीने चुलीजवळचं पाणी उपसत होती, तू दारात गोणपाट कोंबत होतास. गाडी निघायला तयार होती. मला निघता येईना. तुझा इतका राग आला होता, आणि तुझे विटकरीने सोललेले हात बघून तो धड करताही येईना. कल्याणच्या खोलीचं मी कुणाला सांगितलंच नाही.

पिकअप भंगारात गेली. तू गेलास, मागोमाग आई गेली. ओटा तसाच आहे. पाहुणे आधी वर चढतात, मग घरात उतरतात, आणि प्रत्येक जण विचारतो की हा कुणाचा शहाणपणा. मी तुझं नाव सांगतो. आज सकाळी माझी बायको साडी खोचून त्या ओट्यावर उभी राहिली. तिच्या भावाने तिच्यासाठी कल्याणला तिसऱ्या मजल्यावरची जागा बघून ठेवलीय. ती ओरडली नाही, हळूच म्हणाली, "अजून किती वर्षं ओ?"

हा कागद कुठे टाकायचा ते मला माहीत नाही, घडी घालून खिशातच ठेवीन. पण तिला मी काय उत्तर दिलं ते तुलाच सांगता येईल. मी पाण्याकडे बघितलं आणि म्हणालो, "उतरंल."