ठकूबाईची साक्ष

मधली वाडी, ता. कर्जत
३ डिसेंबर १९७८

चि. चंदर यास आजीचा जयभीम व पोटभर आशीर्वाद. वि. वि.

मी सांगते नि तुजी बहीण सुंदरा लिवते. मधी मधी माजं बोलणं सुधारते, तिकडं काणाडोळा कर. दोन महिने तुजं पत्र नाय. खोपोलीच्या कारखान्यात पोष्टकार्डाला हात लावायची बंदी हाय काय रं?

खबर वाईट हाय. आपल्या वाडीच्या चौदा पोरापोरींनी मतदारयादीत नाव घालायचे फॉर्म भरले. ते घेऊन कमळ्या कर्जतच्या कचेरीत निघाला. नामा सरपंचाच्या माणसांनी त्याला ओढ्यात गाठला, कुऱ्हाडीच्या दांड्यानं गुडघा फोडला नि फॉर्म त्याच्याच पाठीवर पेटवले. पाठीची साल निघालीय. बाकीच्यांनी दुसऱ्या दिशी जाऊन कमळ्यासकट चौदांचे नवे फॉर्म भरले.

आता सरपंचाची हरकत, की मताला एकवीस पुरी लागतात नि ही पोरं एकवीसची झालीच नायत. गेल्या खेपेला तो नऊ मतांनी आला, त्याला चौदांचं भ्या वाटणारच. यादी बघशील तर हसशील. तुजा आजा जाऊन अकरा वर्षं झाली, पन यादीत हाय, नि दर खेपेला मत बी देतो. मला तोंड दाखवायला येत नाय, मतदानाला येतो! म्हाताऱ्यांची नि मेलेल्यांची नावं पक्की, जित्या पोरांची नायत. तूच बघ, पंचविशीचा घोडा, नाव घालायला खोपोलीवाले म्हणतात गावाला जा, गाववाले म्हणतात खोपोलीला जा.

चौदा तारखेला कचेरीत सुनावणी हाय. जन्माचा दाखला कुणाकडंच नाय. सगळी माज्या हातावर जन्मलेली, तवा सुईण म्हणून साक्ष मलाच द्यायची हाय.

माया हाय तशी ठेव, वाढली तर पोष्टकार्डावर दिसू दे.

निशाणी : ठकूबाईचा अंगठा


मधली वाडी
१२ डिसेंबर १९७८

ती. दादास सुंदराचा सप्रेम जयभीम. वि. वि.

हे पत्र माझे आहे. आजी तापात आहे, म्हणून टेंपोवाल्या दामूच्या हाती पाठवते.

काल आजी आणि शेजारची इंदूबाई लाकडे घेऊन येत होत्या. सरपंचाच्या मुलाने, मोरूने, दोघांना बरोबर घेऊन वाट अडवली. अंगठ्याशिवाय साक्ष कशी देतेस तेच बघतो, असे तो म्हणाला. दोघांनी आजीला खाली दाबले, उजवा हात दगडावर धरला आणि मोरूने दुसऱ्या दगडाने अंगठा ठेचला. तीन वेळा. इंदूबाई मध्ये पडली, तिचे दोन दात गेले. दवाखान्यात अर्धा अंगठा कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर आजी म्हणाली की मोरू पायाळू, जन्मला तेव्हाही लाथा झाडतच आला आणि तिनेच त्याला ओढून काढला. मग भिंतीकडे तोंड करून रडली. आजीला रडताना मी कधी पाहिले नव्हते.

तू ये असे लिहीत नाही. येऊ नको असेही लिहवत नाही.

तुझी,
सुंदरा


शिळफाटा, खोपोली
१३ डिसेंबर १९७८

ती. आजीस चंदरचा जयभीम. वि. वि.

उद्या साक्षीला जाऊ नको. अंगठाच राहिला नाही तर त्या कागदाचे काय करायचे? रविवारी आम्ही सात जण येतो. लोखंडी सळया गोणपाटात बांधून ठेवल्या आहेत. मोरूचे दोन्ही हात मनगटापासून मोडतो, मग त्याने खुशाल मत द्यावे. मला अडवू नको.

तुझ्या मायेचा,
चंदर


मधली वाडी
१५ डिसेंबर १९७८

चि. चंदर यास आजीचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

दामूच्या हातची चिठ्ठी पोचली. अक्षर सुधारलंय तुजं, अक्कल राह्यलीय.

काल हात गळ्यात बांधून बैलगाडीनं गेले. कमळ्या काठी टेकत आला. सायबानं इचारलं, आजीबाई, यांची वयं ध्यानात कशी? मी म्हटलं, आपण धम्म घेतला त्या सालच्या भातकापणीला सरपंचाचा मोरू झाला. कमळ्या त्याच्या आठ दिस आधी. बाकीची तेरा त्याहून मोठी. आता यादी उघडा, तिच्यात मोरू हाय. मोरू एकवीसचा तर कमळ्या त्याच्याहून थोरला. कमळ्या कच्चा असंल तर मोरूचं नाव खोडा.

सायेब हसला, सरपंच नाय हसला. कारकुनानं साक्ष लिवून घेतली नि म्हणाला निशाणी करा. मागं मोरू गालात हसत उभा. मी बांधलेला हात पुढं केला, तर कारकून म्हणाला, तो नको, डावा द्या.

सरकार डावाच घेतं रं. रेशनला डावा, मतदानाला डावा. मोरू मॅट्रिक, जन्मभर सही करत आला, त्याला कसं ठावं? वाडीतल्या कुठल्याबी अडाण्याला इचारलं असतं तर सांगितलं असतं.

चौदा नावं चढली. येताना गाडीवर दगड पडले, बैलाचा एक डोळा गेला. हात रातदिस ठणकतोय, तो भाग सुंदराला लिवू नको म्हटलं तर मुद्दाम लिवतेय.

सळया जितल्या तितं नेऊन ठेव. मोरूचे हात मोडशील, तुरुंगात जाशील, नि तितं मत नाय. त्याला तेच पायजे. रविवारी ये, पन रिकाम्या हातानं. पंधरावा फॉर्म तुजा, सुंदरानं भरून ठेवलाय. त्यावर बी हरकत येईल, येऊ दे. साक्षीला मी हाय, अजून एक अंगठा शिल्लक हाय.

रागाला उंबऱ्याबाहेर ठेव, मायेला संगती घेऊन ये.

निशाणी : ठकूबाई, डावा अंगठा